बारवेच्या खालच्या पायऱ्या

फोड आधी ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. दुसऱ्या दिवशी तो हरभऱ्याएवढा होतो, आत पाणी भरतं आणि वरची कातडी ताणून चकाकते. तिसऱ्या दिवशी आग सुरू होते. मग माणसाला दुसरं काही सुचत नाही. पाय कुठंतरी गार पाण्यात बुडवावा, एवढंच कळतं. बुडवला की फोड फुटतो आणि मधोमध, उसवलेल्या शिवणीतून दोऱ्याचं टोक डोकावावं तसं काहीतरी पांढरं दिसू लागतं. तो नारू.

शरणम्मानं असे फोड इतके पाहिले होते, की माणूस उंबऱ्याशी पाय कसा टेकतो यावरून तिला दिवस सांगता येई. जळकोटापासून दोन कोसांवरच्या हत्तरवाडीत नारू काढणारी ती एकटीच. वय पंचेचाळिशीचं, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, चार एकर कोरडवाहू जमीन स्वतः कसणारी. नारू काढायला ती आळंदकडच्या आपल्या आईकडून शिकली होती. तुरीची बारीक काडी सोलून गुळगुळीत करायची, नारूचं टोक तिच्यावर घ्यायचं आणि हळूहळू गुंडाळायचं. दिवसाला दोन बोटं, जास्त नाही. मग काडी पायालाच बांधून वर कडुलिंबाचा वाटलेला पाला. पुरा नारू दीड हात, कधी दोन हात. म्हणजे वीस-पंचवीस दिवसांचं काम. घाईनं ओढला तर तुटतो, आणि तुटला की आतला तुकडा कुजून पाय खांबासारखा सुजतो. कस्तुराबाईच्या नवऱ्यानं घरच्या घरी ओढून तिचा नारू तोडला होता. तिचा गुडघा तेव्हापासून वाकत नव्हता.

या कामाचं शरणम्मा काही घेत नसे. कुणी पायलीभर ज्वारी आणली तर ती परत करी.

"घ्या की हो अव्वा," असा कुणी आग्रह केला तर म्हणे, "घेतलं तर फुडच्या साली बी नारू निघावा, असं मलाच वाटाय लागंल."

त्या चैत्रात तिच्या ओट्यावर दगडोबा बसला होता. त्याचा हा सातवा दिवस.

"अक्का, आज जरा जास्त वढा की. नांगरट तशीच पडलीया."

"दोन बोटं."

"तुमची बोटं लई बारीक. माझी दोन बोटं मोजा."

"तुझी बोटं नांगराला ठेव," शरणम्मा म्हणाली. तिनं काडीला अर्धा वेढा दिला, नारू ताणला गेल्याचं बोटांना जाणवलं तशी थांबली. "ह्या पायानं बारवेत उतरला होतास का?"

"उतरलो की. आग कशी इझणार? घटकाभर पाय सोडून बसलो, लई बरं वाटलं."

हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारी. आणखी दोन विचारी: पिण्याचं पाणी कुठलं, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत कुठं होतात. उत्तरं ती कुठं लिहीत नसे, तिला लिहिता येत नव्हतं. पण सहा वर्षांची उत्तरं तिच्या डोक्यात घरवार लावलेली होती. गावात एकशेदहा उंबरे. त्यांतले बारा ज्ञानोबाच्या गल्लीतले. त्या गल्लीत एक अरुंद आड होता, त्याला पायरी नव्हती, पाणी दोरानंच शेंदावं लागे. त्या बारा घरांतून सहा वर्षांत एकच माणूस तिच्या ओट्यावर आलं, ज्ञानोबाची सून सत्यभामा. ती भूमकडून लग्न होऊन आली होती, तिच्या माहेरी पायऱ्यांची बारव होती, आणि तिचा नारू लग्नानंतर आठव्या महिन्यात निघाला. त्यानंतर पुन्हा कधी नाही. ओट्यावर आलेले बाकीचे सगळे बारवेचं पाणी पिणारे.

महारवाड्यातल्या लोकांना तर बारवेत उतरायची बंदीच होती. काठावर थांबून, वरून कुणी ओतेल ते पाणी ते आपल्या घागरीत घेत. नारू त्यांनाही तसाच निघे. शरणम्मा काडी घेऊन तिकडेही जाई. गल्लीतल्या बायका नाकं मुरडत. मात्र स्वतःच्या पायाला आग सुटली की शरणम्मा आदल्या घटकेला कुठून आली, हे कुणी विचारत नसे.

म्हणजे नारू पाण्यातून येत होता, आणि पाण्यात तो नारूच्या पायातून जात होता. आज ज्यानं पाय बुडवला त्याचं फळ गावाला पुढच्या चैत्रात मिळे. हे तिला एकटीलाच वाटत होतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्याचा एक माणूस सायकलवरून आला आणि चावडीच्या भिंतीला उर्दूत छापलेला कागद चिकटवून गेला. पटवाऱ्यानं तो वाचला आणि सांगितलं, "विहिरींबाबत हाये." त्याहून जास्त कुणी विचारलं नाही. शरणम्मानं मात्र त्या माणसाला वेशीपाशी गाठून विचारलं होतं. तो म्हणाला होता, पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा, पाण्याला पाय लागू देऊ नका. दोन-तीन वर्षांत नारू जाईल.

बारव चन्नबसप्पांची. त्यांच्या आजोबांनी ती गावासाठी बांधली, दगडही त्यांनी स्वतः निवडून आणलेले. शरणम्मा त्याच दिवशी त्यांच्या दुकानावर गेली होती. चन्नबसप्पांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस ऐकून घेणारा होता. मग म्हणाले, "पेरणी होऊ दे." पेरणी झाली तेव्हा म्हणाले, "सुगी होऊ दे." त्यानंतर जत्रा आली, मग मुलीचं लग्न, मग पुन्हा पेरणी. तीन वर्षांत त्यांनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

अडचण कुठली होती ते शरणम्माला ठाऊक होतं. आजोबांनी नेम घालून दिला होता, की महादेवाच्या अभिषेकाची घागर घरच्या पुरुषानं गुडघाभर पाण्यात उभं राहून भरावी. ती भरेपर्यंत गावातल्या कुणी पाण्याला घागर लावायची नाही. आजोबांनंतर वडिलांनी हा नेम चालवला, आणि वडिलांनंतर गेली चाळीस वर्षं चन्नबसप्पांनी. पायऱ्या बुजवल्या तर आजोबाचं पुण्य नातवानं दगडमातीत गाडलं, असं गाव म्हणणार. गावानं म्हणायच्या आधी त्यांचा धाकटा भाऊ ईरण्णाच म्हणणार.

त्या वर्षी होळीपासून शरणम्माकडे एकोणीस पाय आले होते. आदल्या वर्षी याच दिवसापर्यंत बारा होते. बारवेचं पाणी खाली गेलं होतं, खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि जितकं पाणी कमी तितके लोक आत उतरून ते भरत होते. आणखी महिनाभर असंच चाललं तर पुढच्या साली किती, याचा हिशेब तिनं केला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

विसावा पाय भर दुपारी आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार लोटल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर उंबऱ्यात चन्नबसप्पा. हातात काठी, डाव्या पायाला धोतराची चिंधी. टाच टेकवत नव्हते.

"अप्पा, तुमी?" ती उठून उभी राहिली. "निरोप धाडला असता तर म्या आले असते."

"निरोप धाडला असता तर गावाला कळलं असतं." ते भिंतीला धरून बसले. "काट्याचं असंल, म्हटलं."

तिनं चिंधी सोडली. घोट्याच्या खाली फोड फुटलेला होता, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"पाच दिवस झाले," ती म्हणाली.

"चार."

"पाच, अप्पा."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "व्हय, पाच. पर तुला एक सांगतो शरणम्मा. रात न्‌ दीस निखारा ठेवल्यावानी जळतं. सकाळी महादेवाची घागर भराय पाण्यात उभा ऱ्हातो, तेवढा वेळ मातर एकदम शांत. म्या रोज जरा जास्तच उभा ऱ्हातो. म्हटलं, चाळीस वर्षं नेम चालवला, त्याची ही किरपा हाये."

शरणम्मा उठली. तिनं आतून पितळेची परात आणली, त्यात रांजणातलं गार पाणी ओतलं आणि त्यांचा पाय धरून अलगद आत ठेवला.

चन्नबसप्पांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे सैल झाले.

"डोळे उघडा, अप्पा. पाण्यात बघा."

घोट्यापाशी पाणी धुरकट होत होतं. जखमेतून दुधासारखी एक बारीक धार सुटली, थांबली, पुन्हा सुटली. थोड्या वेळानं परातीतलं सगळं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसू लागलं.

"हे काय?"

"नारूची पिल्लं. पाय गार पाण्यात गेला का तो सोडतो. परत्येकाचा सोडतो. म्हणून तर गार वाटतं तेव्हाच वंगाळ असतं."

चन्नबसप्पा परातीकडे बघत राहिले. व्यापारी माणूस, मोजमाप त्यांना सांगावं लागत नसे. त्यांचा एक हात आपोआप छातीवरच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीपाशी गेला. रोज सकाळी बारवेच्याच पाण्यानं ते लिंग धूत आणि ते पाणी तीर्थ म्हणून पीत.

"घागर म्या तिथंच भरली," ते म्हणाले. "पायापासल्या पाण्यातच. पाची दिवस."

"व्हय."

"ती महादेवावर ओतली. सोमवारी तीर्थ म्हणून वाटली. नातीला म्या हातानं पाजलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हे तुला तीन वर्षांमागं ठावं होतं?"

"तुमच्या पायाचं ठावं न्हवतं. बाकीचं म्या सांगितलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या कुणी रागानं सांगितलं असतं तर कदाचित चन्नबसप्पांना उलट बोलायला जागा मिळाली असती. तिनं परात उचलून चुलीवर ठेवली, ते पाणी खळखळून उकळू दिलं आणि मग परसात तापलेल्या मातीत ओतून टाकलं. परत येऊन तिनं नारूचं टोक काडीवर घेतलं. दोन बोटं गुंडाळून झाल्यावर पाला बांधताना म्हणाली, "उद्या पाण्यात उतरू नका. घरातलं दुसरं कुणी धाडा."

"दुसरं कुणी म्हणजे ईरण्णाच. त्यो उतरंल. त्याचा पाय साफ हाये." ते काठी टेकत उठले. "मग त्याच्या मागून नारूवाला दगडोबा उतरंल. त्याच्या मागून आनखी कोन."

उंबऱ्यापाशी ते थांबले. आता काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. पण ते नुसतंच "येतो" म्हणाले आणि भिंतीची सावली धरून निघून गेले. शरणम्मा काड्या सोलायला बसली. अजून काड्या लागणारच होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती घागर घेऊन बारवेवर गेली. वरच्या कट्ट्यावर पंधरा-वीस बायका आधीच थांबल्या होत्या. कस्तुराबाई पाय पसरून बसली होती. दगडोबाही घागर घेऊन आला होता. बायको माहेरी गेल्यामुळे पाणी भरायची पाळी त्याच्यावर आली होती आणि बायका त्याला सोडत नव्हत्या.

"दगडोबा, डोईवर चुंबळ नीट ठेव, न्हायतर घागर हातात न्‌ पाणी अंगावर!"

"अंगावर पडलं तर बरंच हाये, तेवढीच आंघूळ," दगडोबा म्हणाला.

ईरण्णा पहिल्या पायरीवर उभा होता. तो दररोज येई आणि थोरल्या भावाची घागर भरून झाली की सगळ्यांना उतरायला हात करी. आज उशीर होत होता.

चन्नबसप्पा काठी टेकत आले. एका हातात पितळी घागर, खांद्यावर दोराचं वेटोळं. ते पायऱ्यांकडे वळलेच नाहीत. बारवेच्या समोरच्या अंगाला, जिथं पूर्वी मोट चाले, तिथल्या दगडावर जाऊन ओणवले आणि घागरीच्या गळ्यात दोर अडकवून ती खाली सोडू लागले.

बायकांचं बोलणं थांबलं. घागर कडेच्या दगडांवर दोनदा आपटली, मग पाण्याला लागली.

"अण्णा, हे काय चाललंय?" ईरण्णा म्हणाला. "अज्जानं ह्या पायऱ्या काय पारवं बसाय बांधल्या व्हय?"

चन्नबसप्पा दोर ओढू लागले. त्यांना दोराची सवय नव्हती. घागर वर येईतो निम्मी हिंदकळून गेली होती. ती त्यांनी पाणी न्यायला आलेल्या महादेवाच्या गुरवाच्या हातात दिली. मग तिथंच दगडावर बसून पायाची चिंधी सोडली. काडी, काडीभोवतीचा पांढरा वेढा, हिरवा पाला.

"अगं बया, अप्पास्नी बी?" कुणीतरी म्हणालं.

"पाच दिवस ह्या पायानं म्या पाण्यात उभा होतो," चन्नबसप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण बारवेच्या भिंतींमुळे सगळ्यांना ऐकू गेला. "देवाला त्येच पाणी घातलं. तुमच्या घागरींत बी त्येच गेलं."

दगडोबानं खाली बघितलं. "म्या बी बसलो होतो, अप्पा. घटकाभर."

"नारू काय, दर साली निघतो," ईरण्णा म्हणाला. "शरणम्मा काढती. बरा हुतो. तेवढ्यापायी अज्जाचा नेम मोडायचा? लोक काय म्हनतील?"

"लोक हितंच हायेत, इचार." चन्नबसप्पांनी काठी रोवली आणि उभे राहिले. कस्तुराबाईच्या पसरलेल्या पायाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग समोरच्या पायऱ्यांकडे, वरपासून खालपर्यंत. "नेम मोडला तर त्याचं पाप मला लागंल. तुला न्हाय, गावाला बी न्हाय."

शरणम्मा कट्ट्याच्या कडेला घागर कमरेवर घेऊन उभी होती. चन्नबसप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत जे सांगायचं ते तिचं सांगून झालं होतं, म्हणून ती नुसती ऐकत राहिली.

"ईरण्णा, आज जळकोटास्नं गवंडी आन," चन्नबसप्पा म्हणाले. "खालच्या नऊ पायऱ्या बुजवायच्या, वर भिंत घालायची, मोटंच्या दगडावर रहाट बसवायचा. आन्‌ आत्ता ह्या घटकेपासून बारवेत कुनीबी पाय घालायचा न्हाय. म्या बी न्हाय."