चष्मामुक्त शाळा

फैजपूरजवळच्या त्या गावात प्राथमिक शाळेच्या भिंतीला एक नवी पाटी टेकवून ठेवली होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत रंगवले होते : ‘चष्मामुक्त शाळा’. डोळ्यांच्या तपासणीचा निकाल लागताच ती फाटकावर चढणार होती. कल्पना झुलाल सरांची. तालुक्यात तंबाखूमुक्त शाळा झाल्या, प्लॅस्टिकमुक्त झाल्या; चष्मा तेवढा अद्याप कोणाला सुचला नव्हता.

तपासणीची तयारीही त्यांनी परीक्षेसारखीच करून घेतली. गेल्या वर्षीच्या अक्षरतक्त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. तो फळ्यावर उतरवून परिपाठानंतर रोज पाढ्यांच्या चालीवर म्हणवून घेतला. पुढे उभी राहून म्हणायला चौथीतली मयुरी. तिचे पाठांतर वर्गात सर्वांत पक्के. त्याचे कारण कोणी विचारले नव्हते. उंचीमुळे ती शेवटच्या बाकावर बसे, तेथून तिला फळा नुसता करडा दिसे आणि सारे शिक्षण तिने कानांवर घेतले होते. वही कोरी राहिली की सर तिला आळशी म्हणत.

तिच्या आजीला, इंदिराबाईंना, मात्र उमगले होते. केळीच्या बागेत कापायच्या घडांवर खूण करतात. शेजारच्या ओळीतली खूण मयुरीला दिसेना. तपासणीच्या सकाळी वेणी घालताना त्या म्हणाल्या, “दिसते ते सांगजो, माय. नाही दिसत ते बी सांगजो. सरले काय, त्याहिले फळा दिसते.”

डोळे तपासायला जळगावहून नाजमीन मॅडम आल्या. त्यांनी तक्ता टांगला, जमिनीवर खडूने रेघ ओढली. पहिला पियुष. त्याने एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत तक्ता एका दमात म्हटला.

“मी फक्त तिसरी ओळ विचारली, बेटा.”

पियुष गडबडला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. मधून सुरुवात करायला कोणी शिकवलेच नव्हते.

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. “पुढे कोण?”

मयुरी रेघेवर उभी राहिली. तक्त्याच्या जागी एक पांढरा चौकोन होता. ओळी ओठांवर तयार होत्या. म्हटल्या की सुटका, आणि पुन्हा वर्षभर तोच करडा फळा. तिने ओठ घट्ट मिटले.

“म्हण ना, मयुरी,” सर तक्त्याशेजारून म्हणाले.

“नाही म्हणणार.”

“अगं, काल तर तूच सगळ्यांना म्हणून दाखवलास!”

वर्गात खसखस पिकली. आपण काय बोललो हे सरांच्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला.

“सर, तो पाठ आहे,” मयुरी म्हणाली. “दिसत नाही.”

मॅडमनी तक्ता उतरवला आणि पिशवीतून दुसरा काढला. त्यावर अक्षरेच नव्हती. तीन दात्यांचे कंगवे होते, कोणता वर, कोणता खाली, कोणता आडवा. “दाते कुठल्या बाजूला आहेत, तेवढं बोटानं दाखव.”

मयुरीने बोट उचलले नाही. ती रेघ ओलांडून चालू लागली. सर “अगं, रेघ!” म्हणाले तरी थांबली नाही. अगदी तक्त्याशी पोहोचल्यावर तिने बोट वर केले. “इथून दिसतं.”

“चष्मा लागेल,” मॅडम म्हणाल्या. “बऱ्यापैकी जाड.”

“बरं, बरं. जा आता जागेवर,” सर म्हणाले.

“जागेवरून फळा दिसत नाही.” मयुरीने दप्तर आणले आणि फळ्यासमोर जमिनीवरच बसकण मारली. “मी इथंच बसणार.”

“चष्मा येईपर्यंत ना?”

“आल्यावर बघू.”

रांगेत कुजबुज झाली. मग पियुष हात वर करून म्हणाला, “मॅडम, माझं परत घ्या. कंगव्याचं.”

मधल्या सुट्टीत मयुरी त्या पाटीजवळ गेली. जवळजवळ नाक टेकवून, एकेक अक्षर लावत तिने ती वाचली. सर व्हरांड्यात उभे होते.

“सर, ही लावायची तर लावा,” ती म्हणाली. “पण मी रोज फाटकातूनच येणार आहे. चष्मा लावून.”