मामाची मांडी

साधनाचं पोरगं तीन वर्षांचं झालं तरी त्याचं जावळ काढलेलं नव्हतं. एसटीत बायका "पोरगी गोड हाय" म्हणू लागल्या. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात, आणि साधनाला सख्खा भाऊ नव्हता. मामा म्हणून होता तो चुलतभाऊ दिगंबर, कनेरगाव नाक्याचा, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. पहिल्या वर्षी साधनानं लेकराला ताप आल्याचं सांगितलं, दुसऱ्या वर्षी लांबच्या नात्यातलं सुतक शोधून काढलं. घरात ती कुठलंच दार लावू द्यायची नाही, थंडीतसुद्धा. सासू गोजरबाई म्हणायची, सुनेला हवा लई लागते.

यंदा गोजरबाईनं तिला न विचारताच निरोप धाडला. दिगंबर नवे कपडे घेऊन आला.

"बसा मामा," गोजरबाईनं पाट मांडला.

तो बसला, मांडी थोपटून म्हणाला, "आण इकडं."

न्हाव्यानं कात्री काढली. साधनानं लेकरू कडेवरून उतरवलं नाही.

"काहून उभी राहिली?" गोजरबाईनं विचारलं.

"मी सात वर्षांची व्हते तवा हा मला मांडीवर घ्यायचा," साधना भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली. "दार लावून. माझं लेकरू न्हाई बसायचं तिथं."

"वीस वर्षं झाली त्याला," दिगंबर म्हणाला. "आता काहून काढून राहिली?"

गोजरबाईनं सताड उघड्या दाराकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"ऊठ," ती म्हणाली. "सुनेला पाट पाहिजे."