खबर माझी हुती

आमच्या रंगनाथला आईबापानं माझ्यापरीस जास्त काय दिलं, सांगा बरं. माझ्यापाठचा भाऊ. रंग तोच, नाक तेच. आवाज तर इतका एक, की पाचटाच्या कोपीच्या आडून हाक मारली तर आईसुदिक फसायची. पन तो दिल्लीत हेरखात्याचा सगळ्यात मोठा साहेब झाला, आन् मी, गोरक्षनाथ, पाथर्डीकडच्या माळावर बाजरी पेरीत बसलो. रिटायर झाल्यावर त्यानं नगरला सावेडीत बंगला बांधला. त्याच्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवला की माझ्या पोटात अजून आग पडती. खोटं कशाला बोलू?

तरीबी त्या दिवशी गेल्तो. जावंच लागलं. माझी दिपाली नागापूरच्या एका कंपनीत कामाला हुती, तिथल्याच पोराबरोबर निघून गेली. पोरगा आपल्यातला न्हाई. फोन बंद, पत्ता न्हाई. माझा थोरला, कल्याण, नुसता पेटलेला. "सापडू द्या, दोघांची तंगडी मोडतो," म्हनायचा, आन् तो म्हनतो ते करतो. मला कुनाची तंगडी मोडायची नव्हती. मला माझी पोरगी परत पायजे हुती. एकदा घरात आनली की कल्याणला आवरीन, असं मी मनाला सांगत हुतो.

कल्याण मोटरसायकल घेऊन फाटकाबाहेर थांबला, मी आत गेलो. रंगानं सोताच्या हातानं चहा केला. मी कपाला हात न लावताच म्हनलं, "रंगा, एक फोन लाव. तुझी मानसं मोबाईलवरनं मानूस हुडकत्यात. दिपी कुठं हाय तेवढं काढून दे."

"ती कुठं आहे ते मला माहीत आहे, दादा."

"कुनी सांगितलं?"

"तिनंच. रोज फोन करते."

आता बघा! जन्म मी दिला. खांद्यावर बसवून शाळेत मी सोडली. एसटी चुकली की सायकलवर डबलसीट कॉलेजला मी नेली. आन् फोन कुनाला? दिवाळीला एकदा ड्रेस घेऊन येनाऱ्या काकाला! तो कप उचलून भिंतीवर मारावा, असं झालं मला.

"मग सांग की!"

"नाही सांगणार."

"आरं मी बाप हाय तिचा!"

"म्हणूनच नाही. दादा, तुला सहादेव आठवतो?"

न आठवायला काय झालं? आमी पोरं हुतो, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्तो. आमच्या टोळीत सहादेव आन् त्याची बायको बायडाबाई हुती. बायडाबाई तापानं फणफणलेली, आन् मुकादम तिला गावाकडं सोडीना. मग दोघं पहाटेच कोपीतनं पळाली. पाटाच्या कडंनं जाताना मी बघितली त्यांना. मी! पळत येऊन रंगाला सांगितलं, आन् ह्यानं जाऊन मुकादमाला. दुपारच्या आत दोघं माघारी. सहादेवला सगळ्या टोळीदेखत असा मारला, की त्याचा उजवा हात कायमचा गेला. मुकादमानं रंगाच्या पाठीवर थाप मारली. "हे पोरगं लई चलाख हाय," म्हनला, आन् त्याला आपल्या गावी नेऊन शाळेत घातला. तिथनं हा चढतच गेला आन् मी फडात कोयता हानीत ऱ्हायलो.

जन्मभर पोटात ठेवलं हुतं, ते त्या दिवशी त्याच्या तोंडावर फेकलं. "खबर माझी हुती, रंगा! माझ्या खबरीवर तू साहेब झाला!"

"हो. तुझीच होती," तो म्हनला. वाद न्हाई, काय न्हाई. "आणि शाळेत पाटीवर पहिलं अक्षर काढलं, तेव्हा मला सहादेवचा हात दिसला. तो अजून दिसतो. नोकरीत मी खूप माणसं हुडकून काढली, त्याची मला लाज नाही. पण जिवाच्या भीतीनं पळालेलं माणूस परत कुणाच्या हातात दिलं नाही. एकदा तसा हुकूम वरून आला होता. आमच्याकडं लपलेल्या एका पोराला त्याच्या घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, बदल्यात ते आम्हाला मोठी माहिती देणार. मी नाही म्हणालो. मग मला काही वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. बसलो."

घ्या! पाप केलं तरी शाळा ह्यालाच, आन् पाप फेडलं तरी मोठेपना ह्याचाच. माझ्या वाट्याला काय, तर कोयता.

"पन तिनं मला का न्हाई सांगितलं?" मी इचारलं.

रंगा म्हनला, "तिनं मला एवढंच विचारलं, 'काका, तुम्ही आण्णांना सांगाल का?' मी नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं."

"मला इचारलं असतं तर मीबी..."

तो उठला. "कल्याणला चहा देऊन येतो," म्हनला आन् कप घेऊन भायेर गेला. मोबाईल तसाच टेबलावर. सारा जन्म दुसऱ्याच्या फोनवर कान ठेवनारा मानूस, आन् सोताचा इसरला? का मुद्दाम ठेवला? देव जानं.

तेवढ्यात तो वाजला. वर नाव आलं, दिपाली. मी उचलला.

"काका, आण्णांचं विचारलं का हो? शुगरची गोळी घेतात ना? विसरतात ते. आईला म्हणावं, समोर उभं राहून द्यायची." माझ्या डोळ्यांत टचकन पानी आलं. ती बोलतच हुती, "आणि आम्हाला सोनईत खोली मिळाली, काका. बाजारतळाच्या मागं, पिठाच्या गिरणीवर."

पत्ता! आपसूक हातात आला. फाटकातनं कल्याण दिसत हुता, चहा पिताना डोळे घराकडंच.

"काका? ऐकताय ना?"

आण्णा बोलतोय म्हनलं असतं, तर तिनं फोन कट केला असता. मी घसा खाकरला आन् रंगावानी शुद्ध बोललो.

"ऐकतोय. घेतो गोळी तो, बरा आहे. आणि दिपाली, खोली कुठं आहे ते आता कुणाला सांगू नकोस. मलासुद्धा पुन्हा सांगू नकोस."

ती हासली. लहानपनी सायकलवर हासायची ना, तशीच. "काका, तुम्ही आहात म्हणून बरंय," म्हनली आन् फोन ठेवला.

मी भायेर आलो. "काय म्हनले काका? कुठं हाय ती?" कल्याणनं इचारलं.

"त्याला काय म्हाईत न्हाई. चल घरी."

रंगानं माझ्याकडं बघितलं, मग घरातल्या टेबलाकडं बघितलं. मी कल्याणच्या मागं बसलो, गाडी चालू झाली. ह्या वेळीबी खबर माझीच हुती. आन् पोरीचं हासनं रंगाला मिळालं.