तिसरी थाप

गास्पारेचं हृदय उघडून पुन्हा शिवलं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून क्रोचिफिस्सा येशूच्या पालक-पित्याला, संत जुझेप्पेला नवस बोलली : "नवरा घरी आला, तर तुझ्या सणाला पंगत घालीन. तीन गरिबांना तुझ्या कुटुंबाच्या जागी बसवीन, आणि त्यांनी खाल्ल्याशिवाय कुणाला घास घेऊ देणार नाही." नवरा घरी आला. नुसता आला नाही, दुसऱ्याच दिवशी सूप अळणी आहे म्हणून कुरकुरला. त्या कुरकुरीचा क्रोचिफिस्साला इतका आनंद झाला, की ती मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडून आली.

संताच्या सणाचा मार्च उजाडला. पीठ जमलं, तेल जमलं, मध जमला. गरीब मात्र जमेनात. सिसिलीतल्या त्या गावात फाटक्यालाही मान सांभाळायचा असतो. आगाता नावाच्या विधवेच्या छपरातून भरदिवसा ऊन घरात येतं, पण तीसुद्धा उसळली, "गरीब? मी? घरात दोन टीव्ही आहेत माझ्या!"

"त्यातला चालतो कुठला?" गास्पारेनं विचारलं.

"चालत नसले तरी माझेच आहेत!"

शेवटी माणसं गास्पारेनंच शोधली. खाली टोमॅटोच्या हरितगृहांत राबणारा रुमानियाचा कोस्तेल. हरितगृह बंद पडलं आणि तो, बायको विओरिका आणि सहा वर्षांची आंका एका जुन्या गोदामात दिवस काढत होती.

"बाळ येशूला दोन वेण्या?" क्रोचिफिस्सा म्हणाली.

"संताला चालतंय तर तुझं काय जातंय?"

"सगळं नीट सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं. एक वाजता या, दार वाजवा, कोण म्हणून विचारलं की जुझेप्पे, मारिया आणि येशू म्हणा. आणखी काय सांगायचं असतं?"

सणाच्या दिवशी टेबल ताटांच्या भारानं वाकलं. आर्टिचोकची भजी, पावाच्या भाजलेल्या चुऱ्यातला पास्ता, मधात बुडवलेले गोड वडे, आणि मधोमध संताच्या दाढीच्या आकाराचा भलामोठा पाव. अख्खी गल्ली घरात भिंतीला टेकून उभी होती. तीसेक माणसांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण हात कोणी पुढे करत नव्हतं.

बरोबर एकला दारावर थाप पडली.

"कोण आहे?"

"जुझेप्पे, मारिया आणि येशू."

"इथे जागा नाही! पुढे जा!" क्रोचिफिस्सा खणखणीत ओरडली. लहानपणापासून हे आईच्या तोंडून ऐकत आली होती, आज तिची पाळी होती. गल्ली खूश झाली.

जरा वेळानं दुसरी थाप पडली, हलकीच.

"एकदा सांगितलं ना! जागा नाही! चालते व्हा!"

मग तिनं एप्रन झटकला, केस सारखे केले आणि तिसऱ्या थापेची वाट पाहत कडीवर हात ठेवला. तिसऱ्या थापेला दार उघडायचं, संतांच्या हाताचं चुंबन घ्यायचं, त्यांना आत आणायचं. थाप पडेना. तिनं दार उघडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"गास्पारे," ती सावकाश म्हणाली, "तीनदा वाजवायचं असतं, हे त्यांना सांगितलंस?"

"ते काय सांगायचं? पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं!"

"आपल्या पाळण्यातल्या!"

आधी ती घाबरली ती नवऱ्यासाठी. नवस मोडला, संतानं दिलेलं परत घेतलं तर? आणि मग तिला त्या दोन वेण्या आठवल्या. पोर दाराबाहेर उभी होती आणि तिनं ऐकलं काय, तर चालते व्हा. क्रोचिफिस्साचे कान लाजेनं तापले. तिनं दाढीचा पाव उचलला.

"चला!"

"अगं, पण आमचं जेवण?" आगातानं विचारलं.

"त्यांनी खाल्ल्याशिवाय आज कुणाच्या तोंडात वाटाणा जायचा नाही!"

भुकेली माणसं वाद घालत नाहीत. ज्यानं त्यानं हाताला लागेल ते ताट उचललं आणि गल्ली उतार उतरू लागली. गास्पारेला जड उचलायची बंदी होती, म्हणून तो मिठाची वाटी घेऊन एखाद्या बिशपसारखा सगळ्यांच्या पुढे चालला.

गोदामाचं दार क्रोचिफिस्सानं वाजवलं. मनात तिनं स्वतःलाच बजावलं होतं, नाही म्हणाले तर परत वाजवायचं, संध्याकाळपर्यंत वाजवायचं. पहिल्याच थापेला कोस्तेलनं दार उघडलं.

"दोनदा नाही म्हणायचं असतं," ती धापा टाकत बोलत सुटली, "येशू जन्मला त्या रात्री बेथलेहेमात जुझेप्पे-मारियाला कुणी जागा दिली नव्हती ना, म्हणून. रीत आहे. तिसऱ्यांदा दार उघडतं. खरंच उघडतं!"

कोस्तेलनं टोपी काढली. "सिन्योरा, आम्हाला कसं कळणार? या गावात खोली शोधत फिरलो, तेव्हाही अशीच उत्तरं मिळाली. तिसऱ्यांदा विचारायची सवयच गेली."

ताटं धरलेले हात अवघडले. कुणी कुणाकडे बघेना. क्रोचिफिस्साच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि हातात पाव असल्यामुळे तिला ते पुसताही येईना.

विओरिका पुढे आली. तिनं दारातली तीस माणसं पाहिली, मग मागची एवढीशी खोली पाहिली, आणि घरातली एकुलती एक खुर्ची क्रोचिफिस्साच्या मागे सरकवली.

"या ना आत," ती म्हणाली. "जरा दाटीवाटीनं बसू, होईल जागा."