टोमॅटोचं भांडण

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये स्नेहा सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. ती लिहीत असलेल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण, एका जुन्या भांडणाचं, काही केल्या जमत नव्हतं. डॉ. गायधनी आणि डॉ. पिंगळे, टोमॅटोच्या जनुकांवर एकाच केंद्रात काम करणारे दोन शास्त्रज्ञ, एकोणीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. रोगाला दाद न देणारं पिंगळ्यांचं वाण गायधनींच्या वाफ्यात सापडलं होतं. पिंगळे म्हणत, सरळ चोरी आहे. गायधनी म्हणत, मला अडकवायला त्यानेच लावलं. स्नेहा दोघांकडे सात-सात वेळा जाऊन आली होती आणि दोघंही खरंच बोलताहेत असं तिला वाटत होतं. त्यामुळेच तिचं डोकं उठलं होतं.

शेवटी तिने वैतागून ते प्रकरण बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच केंद्रात रोपं लावायच्या कामावर होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

“त्या साली अवकाळी झाला. रोपांच्या ट्रेवरच्या चिठ्ठ्यांची शाई धुऊन गेली,” ते म्हणाले. “मी आठवंल तशी नावं परत लिहिली. एखादा ट्रे इकडचा तिकडं झाला असंल.”

“बाबा! आणि एकोणीस वर्षं गप्प बसलात?”

“मला कुणी इचारलंच नाय.”

“दोघांपैकी एकानेही?”

“नाय. ते आपले एकमेकांवरच ओरडत बसले.” बाबांनी तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. “आणि तू तरी कुठं इचारलंस?”