उलट्या रेघा

बेल वाजली.

"अहो, हात खिशात घाला," मी म्हटलं. "आणि चहाला नाही म्हणा. अ‍ॅसिडिटी झालीय म्हणून सांगा."

कपबशी यांच्या हातात नुसती खडखडते. आमचे हे म्हणजे दशरथ, कॉमिक्सवाले. 'कप्तान उधाण' यांचाच. एके काळी आमच्या वस्तीतली, जेसल पार्कातली पोरं दारात उभी राहून उधाणची तलवार काढून मागायची. आता ती टीव्हीवरची कार्टून बघत बसतात, ते सोडा. पण उधाण अजून निघतोय, आणि तो हातून गेला तर हा माणूस खचणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून हे पेन्सिलीने कसंबसं काढायचे आणि त्यावर शाई मी फिरवायचे. सही तेवढी यांची. मनगट दाबून धरून हळूहळू करायचे. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

दारात संपादक बाई, सुचेता. आमच्या लेकीपेक्षा, इशितापेक्षा जेमतेम मोठी असेल, पण नजर भलतीच तिखट.

"काका, पुढच्या महिन्यापासून सगळं कॉम्प्युटरवर. आमच्यासमोर ऑफिसात बसून काढायचं. आम्ही शिकवतो."

"भाईंदरहून अंधेरी? दगदग होते हो यांना!" मीच मध्ये पडले.

"काकांना बोलू द्या ना, काकू." तिने पिशवीतून दोन अंक काढून शेजारी शेजारी ठेवले. "ही सावली बघा. जुन्या अंकात सावलीच्या रेघा उजवीकडे झुकतात. दोन वर्षांपासून उलट्या झुकतायत. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे. काका तर उजव्या हाताने काढतात."

मेले! लहानपणी आईने चापट्या मारमारून मला उजव्या हाताने जेवायला लावलं, लिहायला लावलं. पण कुंचल्यासाठी मारायला ती नव्हती, तो डाव्याच हातात राहिला. मी उधाणचं नाक जुळवलं, मिशी जुळवली, रेघ कुठे झुकते ते डोक्यातच आलं नाही. सुचेतासाठी चहा ढवळत होते, तो चमचा मी पटकन डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. तिने पाहिलंच.

"माझा भाचा कधी कधी मदत करतो," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात यांनी खिशातून हात काढला आणि सरळ टेबलावर ठेवला. टेबलावरचा तिचा कप बशीत वाजायला लागला.

"हिचं काम आहे ते, शैलाचं," हे म्हणाले.

"गप्प बसा हो!" मी ओरडले. रडू आणि राग एकदमच आला. एवढं झाकून ठेवलं, ते असं फेकून द्यायचं?

सुचेताने दोन्ही अंक पिशवीत टाकले. बशी वाजतच होती. मग ती म्हणाली, "सोमवारी दोघं या. दोन खुर्च्या लावते. पण काकू, कॉम्प्युटरवर नाही जमलं तर माझ्या हातात काही नाही."

जमेल का, देव जाणे.

नव्या अंकाचं शेवटचं पान तिथेच होतं, सही राहिलेलं. यांनी कुंचला मागितला. डाव्या हाताने मनगट दाबून धरलं. एकेक अक्षर वेडंवाकडं उमटत गेलं, मध्येच शाईचा ठिपका पडला. मी वाकून पाहिलं. 'शैला' लिहिलं होतं.

"थांबा, पांढरा रंग लावून नीट करते," मी म्हटलं.

"हात लावशील तर बघ," हे म्हणाले.