बिजलीच्या गुडघ्यावरचे पाच डाग

मी डागणी बोलतेय. हातभर लांब लोखंडी दांडा, पुढे रुपयाएवढं चपटं तोंड, मागे बाभळीची मूठ. जनावर लंगडलं की मला निखाऱ्यांत लाल करतात आणि त्याच्या दुखऱ्या जागेवर टेकवतात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत माझा मोठा लौकिक आहे. खरं सांगायचं तर मी आजवर एकही जनावर बरं केलेलं नाही.

माझा जन्म कल्याणच्या एका लोहाराकडे झाला. आगगाडी नुकतीच गावापर्यंत आली होती आणि रुळांच्या कामातून उरलेला एक तुकडा त्याच्या भात्यापुढे येऊन पडला होता. माझी भावंडं रूळ झाली. गेली तीस वर्षं ती निमूटपणे माणसं वाहून नेताहेत. माझ्या वाट्याला कातडी आली.

मला घडवून घेतलं महिपतने. तो गुरांना डाग द्यायचं काम करी. जनावरापुढे उभा राहून तो तपकीर ओढायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डागावं लागेल." दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. जनावर बरं झालं तर डागणीला गुण आहे. नाही झालं तर तुम्ही उशिरा बोलावलंत. मेलं तर आयुष्यच तेवढं होतं. अशा धंद्यात माणूस हरणार कसा?

तर त्या सालच्या कार्तिकात ठाण्याहून तात्यासाहेब कर्णिकांचा निरोप आला. तात्यासाहेब म्हणजे कचेरीतले शिरस्तेदार. विलायतेला परतताना त्यांच्या साहेबाने आपली शिकारी कुत्री त्यांना दिली होती. तिचं नाव बिजली. त्याच साहेबाकडून तात्यासाहेब तीन गोष्टी शिकले होते: बूट घालणं, बंदूक धरणं आणि निकामी शिकारी कुत्र्याला दयाबुद्धीने गोळी घालणं. पहिल्या दोन त्यांना अजून नीट जमत नव्हत्या.

येऊरच्या रानात डुकरामागे धावताना बिजलीने बांधावरून उडी घेतली आणि मागचा डावा पाय फिरला. तेव्हापासून ती तो पाय पोटाशी धरून तीन पायांवर चालत होती. इकडे पौषात नव्या साहेबाचा दौरा होता. त्याच्यापुढे बिजलीला पळवून दाखवायचं तात्यासाहेबांनी कबूल करून टाकलं होतं.

"पौषापर्यंत धावली तर ठीक," ते महिपतला म्हणाले, "नाहीतर बार काढायचा."

बिजली तिथेच पडून होती. तिचं डोकं धाकूच्या मांडीवर होतं. धाकू येऊरचा ठाकर. शिकारीत रान उठवायला तात्यासाहेब त्यालाच बोलावत. रानात हाक मारली की बिजली मालकाकडे न जाता धाकूकडे धावायची. तो सगळ्यांना अरेतुरे करी, शिरस्तेदारांनाही.

"तात्या, हिच्या ढोपराच्या आतली शीर तुटली," धाकू म्हणाला. "बांधून ठेव तीन महिने. उडी नको, पळू नको. शिकार इसर."

तात्यासाहेबांनी ते कानाआड केलं. ज्याच्या पायांत वहाण नाही त्याचा सल्ला ऐकायचा, तर मग कचेरीत तीस वर्षं काढली कशाला? महिपतने तपकीर ओढली, डोळे मिटले आणि ठरलेलं वाक्य उच्चारलं.

मी तिला पाच डाग दिले. तुटलं होतं ते आत, गुडघ्याच्या सांध्यात. मी भाजली ती वरची कातडी. माझं तोंड आतपर्यंत पोहोचत नाही, हे मला ठाऊक होतं. महिपतलाही ठाऊक असावं. बिजली ओरडली नाही. तिने धाकूचा हात दातांत धरला आणि तशीच थरथरत राहिली. मला तेव्हा लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढे गंमत झाली. जखमा इतक्या ठणकत होत्या की बिजलीला पाय टेकवेना. ती महिनाभर कोपऱ्यात पडून राहिली. म्हणजे धाकूने सांगितलेली विश्रांतीच तिला मिळाली, फक्त भाजून. हळूहळू सांधा धरू लागला आणि ती चार पायांवर उभी राहिली. श्रेय अर्थातच मला. तात्यासाहेबांकडे कोणी आलं की आधी पानसुपारी आणि मग बिजलीचे डाग दाखवायचे, असा क्रमच पडून गेला.

"अजून दोन महिने थांब," धाकू म्हणत होता. पण पौष उजाडला होता.

साहेबापुढे बिजली पळाली. पन्नास पावलं सुंदर पळाली म्हणे. मग तोच पाय पुन्हा गेला आणि ती मातीत कोसळली. साहेब दुसरीकडे बघू लागला. ते तात्यासाहेबांना फार लागलं.

चार दिवसांनी आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. शेवटचा उपाय म्हणून आणखी डाग द्यायचे, नाहीतर बंदूक भरून ठेवलीच होती. परसात शेगडी पेटली होती. स्वयंपाकघराच्या दारात तात्यासाहेबांच्या पत्नी सुमतीबाई उभ्या होत्या. धाकूने बिजलीचं तोंड धरलं होतं. मला शेगडीत लाल होताना पाहून ती मागे सरकू लागली. तेवढ्यात महिपत बसायला वाकला आणि कळवळून तिथेच कलंडला. आदल्याच दिवशी एका खोंडाने त्याला पाडलं होतं आणि त्याचा गुडघा फिरला होता. पण शिरस्तेदारांचं बोलावणं मोडणार कसं, म्हणून बिचारा लंगडत आला होता.

धाकूने त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"डागणी तापलीच हाय," तो म्हणाला. "आधी तुझाच ढोपर डागू काय?"

त्यात टोमणा नव्हता. त्याने खरोखरच माझी मूठ धरली होती. महिपतने पाय झटकन मागे ओढला आणि दुखण्याने पुन्हा कळवळला.

"नको, नको रे बाबा."

"नको कशाला? तुझीच डागणी ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. तात्यासाहेबांनी कचेरीतल्या आवाजात विचारलं, "महिपतराव, तुम्ही स्वतः यावर काय उपाय करताय?"

"काही नाही, साहेब." महिपतने मान खाली घातली. "बायकोने, कलावतीने, पायाखाली दोन उशा दिल्यात. महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही म्हणाली."

सुमतीबाई कुत्रीला कधी शिवल्या नव्हत्या. पण त्याच म्हणाल्या, "मग अहो, त्या मुक्या जिवालाही एखादी उशी द्या की."

महिपतने तपकिरीची डबी काढली, तशीच परत ठेवली आणि म्हणाला, "तीन महिने बांधून ठेवा, साहेब. शिकार विसरा."

"तुम्ही म्हणताय म्हणून," तात्यासाहेब म्हणाले. धाकूने तेच शब्द कार्तिकात सांगितले होते. पण शब्दांनाही बूट लागतात, त्याला तो काय करणार?

"शिकारीला जायचं नाही, तर मग कुत्री पोसायची कशाला?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मला दे," धाकू म्हणाला. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. बिजलीला खांद्यावर घेतलं आणि तो येऊरची वाट चालू लागला. बंदूक रिकामी करावी लागली. तात्यासाहेबांनी गावात सांगितलं की कुत्रीला हवापालटासाठी पाठवली आहे.

बिजली जगली. थोडी लंगडते, पण धाकूच्या अंगणात उन्हात झोपते आणि कोंबड्यांवर भुंकते. मला या एका गोष्टीचा आनंद आहे, आणि त्यात माझा वाटा इतकाच, की त्या दिवशी मी वापरली गेले नाही.

महिपतचा गुडघाही महिनाभर पडून राहिल्याने बरा झाला. तुम्हाला वाटेल, त्यानंतर त्याने मला अडगळीत टाकलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

आज सकाळपासून आम्ही डोंबिवलीला एका खळ्यावर आहोत. एक बैल लंगडतोय. महिपत दोन्ही पायांवर झपाझप चालत आला, तपकीर ओढली, डोळे मिटले आणि ठरलेलं वाक्य म्हणाला. चौघांनी बैलाला आडवा पाडून दोर आवळलेत. मी निखाऱ्यांत आहे, तोंड लाल होत आलंय. तुमच्यापैकी कोणी या वाटेने जात असेल, तर कृपा करून आत या आणि महिपतकडे त्याच्या गुडघ्याची चौकशी करा. बैलाला ते विचारता येत नाही. जरा लवकर या, महिपतने माझी मूठ धरली आहे.